सोलर गिझर गच्चीवर, अंघोळ खाली: मधला पाइप नीट नसेल तर गरम पाणी जातं कुठं?

जालना : थंडीची लाट आली की जिल्ह्यात पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत हात घालवत नाही इतकं कडक पाणी असतं, आणि खाली न्हाणीत नळ सोडला की आधी अर्धी बादली गारच येतं. ते मोरीत सोडून द्यायचं, मग कोमट येणार, मग गरम. एकाची अंघोळ झाली, तासाभराने दुसरा उठला की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, सोलर फसवं निघालं. कंपनीचा माणूस येतो, टाकीतलं पाणी मोजतो, 65 अंश भरतं, आणि तो निघून जातो. दोघांचंही खरं असतं. टाकीतली उष्णता टाकी आणि नळ यांच्या मधल्या पाइपात जिरलेली असते.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ही अर्धी बादली लहान गोष्ट नाही. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना पाण्याचा हिशेब नव्याने शिकवायची गरज नाही. पण सोलर बसवताना सगळं लक्ष नळ्या किती आणि टाकी किती लिटरची यावर असतं. पाइपाचं काम शेवटी, संध्याकाळ होत आली असताना, उरलेल्या तुकड्यांत उरकलं जातं.

आधी कुठलं सोलर, ते

गावात ‘सोलर’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी निघतात. विहिरीवरच्या मोटारीचं सोलर, घराच्या लाईटचं सोलर आणि पाणी तापवायचं सोलर. पहिल्या दोन्हींत निळ्या-काळ्या पॅनेलवर वीज तयार होते. तिसऱ्यात वीज तयारच होत नाही, ऊन थेट पाणी तापवतं. हा लेख तिसऱ्याचा आहे. अनुदानाच्या वेळी हा फरक फार महागात पडतो, त्याबद्दल शेवटी.

पाणी तापवायच्या सोलरचे दोन प्रकार बाजारात आहेत. एक काचेच्या नळ्यांचा (ईटीसी), दुसरा काचेखाली तांब्याच्या नळ्या व काळा पत्रा असलेल्या सपाट पेटीचा (एफपीसी). खेड्यात बहुतेक पहिलाच दिसतो. त्यातली प्रत्येक नळी म्हणजे लांबलचक थर्मास: काच दुहेरी, मधली हवा काढून टाकलेली, आतल्या काचेला काळा लेप. उन्हाने नळीतलं पाणी तापतं, हलकं होऊन वर टाकीत चढतं, आणि टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं. मोटार लागत नाही, लाईट लागत नाही. टाकीभोवती फोमचा जाड थर असतो म्हणून संध्याकाळचं पाणी पहाटेपर्यंत टिकतं.

100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट वीज लागली असती. ते काम ऊन फुकट करतं. शिवाय 60 अंशांच्या पाण्याने कुणी अंघोळ करत नाही. 20 अंशांचं गार पाणी तेवढंच मिसळलं की 100 लिटरचं 200 लिटर होतं, चार-पाच माणसांच्या घराला पुरतं. बंबात पऱ्हाट्या-तुराट्या घालून डोळे चोळत बसणं वाचतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस झाकोळ असतो तेव्हा बंब लागतोच, त्यामुळे तो मोडीत घालायची घाई नको.

पाइपात किती पाणी अडकतं?

कालची शेवटची अंघोळ झाल्यावर पाइपात जे गरम पाणी उरलं, ते रात्रभरात गार झालं. सकाळी नळातून आधी तेच बाहेर येतं. ते किती, हे पाइपाची लांबी आणि जाडी ठरवते. एक इंची लोखंडी (जीआय) पाइपात एका मीटरला अर्ध्या लिटरहून जास्त, सुमारे 0.57 लिटर पाणी मावतं. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात पाव लिटर. अर्धा इंचीत जेमतेम 125 मिलिलिटर.

आता घर डोळ्यासमोर आणा. स्लॅबच्या पुढच्या कोपऱ्यात सोलर, न्हाणी मागे परसात, मध्ये 50 फूट पाइप. एक इंची लोखंडी असेल तर 8 ते 9 लिटर गार पाणी आधी निघणार. पाऊण इंची सीपीव्हीसी असेल तर 4 लिटर, अर्धा इंची असेल तर 2 लिटरच्या आत. आणि सोलर न्हाणीच्याच डोक्यावर आणून पाइप 25 फुटांचा केला, अर्धा इंचीच ठेवला, तर एक लिटर. तांब्याभर.

दिवसातून दोनदा 8-9 लिटर सोडून दिले तर महिन्याला 500 लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची एक प्लास्टिकची टाकी. शिवाय तितकंच गरम पाणी दर वेळी अंघोळीनंतर पाइपात अडकून थंड होतं. तोटा दोन्हीकडून होतो, पाण्याचा आणि उष्णतेचा.

‘मोठा पाइप म्हणजे जास्त धार’ हा विचार शेतातून आलेला आहे. मोटारीच्या लाइनला तो बरोबर आहे, गरम पाण्याच्या लाइनला नाही. टाकी नळापेक्षा दोन मीटर उंच असेल आणि पाइप 25 फुटांचा असेल, तर अर्धा इंची पाइपातूनही 15 लिटरची बादली साधारण दोन मिनिटांत भरते. दोन न्हाण्या, वर स्वयंपाकघर असेल तर टाकीपासून मुख्य लाइन पाऊण इंची आणि प्रत्येक नळाकडे जाणारा फाटा अर्धा इंची. साध्या घराला गरम पाण्याची एक इंची लाइन कशालाच लागत नाही.

म्हणून सोलरची जागा ठरवताना पहिला प्रश्न न्हाणी कुठं आहे हा, आणि दुसरा ऊन कुठं आहे हा. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. कल 30 ते 35 अंशांचा चांगला, कारण गरम पाण्याची गरज हिवाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला. 21 डिसेंबरला भर दुपारी जालन्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशच वर असतो. म्हणजे दक्षिणेला 10 फूट उंच भिंत किंवा जिन्याची खोली असेल तर तिची सावली उत्तरेला 9 फुटांपेक्षा जास्त पडते, आणि तीही दिवसातली सर्वांत आखूड सावली. उन्हाळ्यात जागा बघायला आलेल्या माणसाला ही सावली दिसत नाही. मे महिन्यात मोकळी वाटलेली जागा डिसेंबरात लिंबाच्या सावलीत जाते.

पीव्हीसी चालत नाही

घरात ठिबकचं, पाइपलाइनचं काम झालेलं असतं, कोपऱ्यात राखाडी पीव्हीसीचे तुकडे पडलेले असतात. ‘हाच जोडून टाका’ असं म्हटलं जातं. हा मोह टाळावा. साधा पीव्हीसी आणि पांढरा यूपीव्हीसी दोन्ही गार पाण्यासाठीच आहेत. 60 अंशांपुढे ते मऊ पडतात, दोन क्लॅम्पांच्या मध्ये झोळीसारखे लोंबतात, सांधे सुटतात. मे महिन्यात सोलरच्या टाकीतलं पाणी 80 अंशांवर सहज जातं.

गरम पाण्याला सीपीव्हीसी. हा पाइप फिकट पिवळसर, साईच्या रंगाचा असतो. भारतीय मानक आयएस 15778 त्यावर छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. त्यात एसडीआर 11 आणि एसडीआर 13.5 असे दोन वर्ग मिळतात. आकडा लहान तितकी भिंत जाड. गरम लाइनला एसडीआर 11 घेतलेला बरा. सांध्याला सोल्युशनही सीपीव्हीसीचंच हवं. शेतातल्या पाइपाचं सोल्युशन लावलेला सांधा पहिल्या दिवशी धरतो आणि पहिल्या उन्हाळ्यात गळतो. सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, लगेच पाणी सोडायचं नाही. थंडीत हा वेळ वाढतो.

सीपीव्हीसीची एक खोड आहे: तो तापला की लांबतो. 10 मीटर पाइप 40 अंशांनी तापला तर जवळपास एक इंच वाढतो. तेवढाच लोखंडी पाइप अर्धा सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट आवळून मध्ये सरळ पाइप ठेवला तर तो धनुष्यासारखा वाकतो आणि शेवटी एल्बोपाशी तडकतो. म्हणून लांब सरळ लाइनीत एखादं वळण ठेवतात आणि क्लॅम्प पाइप सरकेल इतके सैल ठेवतात. साधारण तीन-तीन फुटांवर क्लॅम्प हवा.

लोखंडी पाइप वाईट नाही, मजबूत असतो, उन्हाला दाद देत नाही. पण जिल्ह्यातल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने तो आतून गंजतो, वर आतला थर वाढत जाऊन भोक बारीक होतं. पीपीआर पाइप (हिरवा किंवा पांढरा, तापवून जोडायचा) चांगला चालतो, मात्र त्याला जोडणीचं यंत्र असलेला आणि हात बसलेला माणूस लागतो. उन्हात तो उघडा ठेवता येत नाही.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीत झिरी मारून गरम पाइप गाडण्याचं काम करूच नये. सांधा आतल्या आत पाझरला तर कळायला महिना लागतो आणि तोवर पांढऱ्या मातीची भिंत फुगलेली असते. बाहेरच्या भिंतीवरून क्लॅम्पने आणलेला पाइप दिसायला बरा नसेल, पण दुरुस्तीला हाताशी राहतो. नव्या विटांच्या घरात झिरी मारायचीच असेल तर फोमची नळी चढवूनच पाइप आत घालावा आणि प्लास्टर करण्याआधी एक दिवस पाणी भरून सांधे तपासावेत.

फोमची नळी काय करते, काय करत नाही

पाइपावर चढवायच्या आवरणाला दुकानात इन्सुलेशन म्हणतात. नेहमीचे प्रकार दोन: काळी रबरी फोमची नळी (नायट्राइल), जी एसीच्या तांब्याच्या पाइपावर असते, आणि पांढरी हलकी फोमची नळी. खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात काळी नळी नसेल तर तालुक्याला एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. ती पाइपाच्या बाहेरच्या मापाची घ्यायची: पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून 22 मिलिमीटर असतो, अर्धा इंची 16. सैल नळी घेतली तर मधल्या फटीतून वारा खेळतो आणि खर्च वाया जातो.

विकणारे सांगतात की नळी चढवली की सकाळी पहिल्या तांब्यालाच गरम पाणी. तसं होत नाही. हिशेब केला तर पाऊण इंची उघड्या पाइपातलं 60 अंशांचं पाणी थंडीच्या पहाटे अर्ध्या तासात 33 अंशांच्या आसपास येतं. त्याच पाइपावर 13 मिलिमीटर जाडीची चांगली नळी असेल तर अर्ध्या तासानंतर ते 45 च्या आसपास असतं. म्हणजे एक जण अंघोळ करून आला आणि अर्ध्या तासाने दुसरा गेला, तर पाइपातलं पाणी वापरण्याजोगं राहतं, सोडून द्यावं लागत नाही. पाच माणसांच्या घरात फायदा इथंच आहे. पण रात्रीच्या आठ-दहा तासांपुढे कुठलीच नळी टिकत नाही, सकाळचं पहिलं पाणी गारच येणार. त्यावर उपाय आखूड आणि बारीक पाइप हाच. पाइप 60 फूट लांब ठेवून त्यावर महागाची नळी चढवण्यापेक्षा पाइप 25 फुटांवर आणणं स्वस्त पडतं.

धार बारीक असेल तेव्हाही आवरण कामाला येतं. नळ पूर्ण सोडला तर पाणी पाइपातून इतक्या झटकन जातं की 50 फुटांत अंशभरच उतरतं. तोच नळ बारीक सोडला की पाच-पाच अंश जातात.

सपाट पेटीच्या सोलरला मात्र पेटी आणि टाकी यांना जोडणारे दोन पाइप असतात, त्यांतून दिवसभर गरम पाणी फिरतं. ते उघडे ठेवणं म्हणजे तापवलेलं पाणी वाऱ्यावर वाळत घालणं. तिथं आवरण आधी आणि जाड हवं.

आवरण चढवताना चुका ठरलेल्या जागी होतात. सरळ पाइपावर नळी चढते, पण एल्बो, टी आणि वॉल्व्ह उघडे राहतात. ते नळीचे तुकडे तिरके कापून झाकावे लागतात. नळी पाइप जोडतानाच ओवली तर उत्तम. नंतर चढवायची तर लांबीने चिरून बसवावी, चीर खालच्या बाजूला ठेवावी आणि टेपने बंद करावी, नाहीतर पावसाचं पाणी आत जातं. भिजलेलं आवरण उघड्या पाइपाइतकंच निकामी.

ऊन हा दुसरा शत्रू. काळी असो की पांढरी, उघड्यावर ठेवलेली फोमची नळी मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन झडते. वरून ॲल्युमिनियमची चिकट पट्टी घट्ट गुंडाळावी. त्याहून टिकाऊ उपाय शेतकऱ्याच्या घरीच असतो: नळी चढवलेला पाइप जुन्या 63 किंवा 75 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात ओवायचा आणि दोन्ही तोंडं बंद करायची. या बाहेरच्या पाइपात गरम पाणी नसतं, त्यामुळे तिथं पीव्हीसी चालतो. त्याने उंदीर आणि खारीही थांबतात, त्यांना घरट्यासाठी हा फोम फार आवडतो. पोत्याची गोणी आणि सुतळी गुंडाळणं कोरड्या हिवाळ्यात थोडं काम करतं, पण पहिल्या पावसात ती भिजते आणि महिनाभर ओलीच राहते.

उंची आणि हवेचा पाइप

गावात लागणारे बहुतेक सोलर बिनदाबाचे असतात, म्हणजे पाणी आपल्या वजनाने उतरतं. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, तरच सोलर पूर्ण भरतो. स्लॅबवर प्लास्टिकची टाकी जमिनीलगत आणि सोलर स्टँडवर, अशी उलटी मांडणी केली की सोलरची टाकी अर्धीच भरते. मग विटांचा चौथरा बांधून गार टाकी उचलावी लागते. फार उंच नेणंही बरं नाही, कंपनीच्या पुस्तकात किती उंची चालेल ते दिलेलं असतं.

सोलरच्या टाकीवरून एक उघडा पाइप वर जातो. तो हवेचा पाइप. त्याचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवं आणि नेहमी मोकळं हवं. वाफ निघते म्हणून किंवा पाखरं बसतात म्हणून काही घरांत त्यावर बाटली अडकवतात, बूच ठोकतात. हे धोक्याचं आहे. वाफेला वाट नाही मिळाली तर टाकी फुगते, आणि पाणी उपसताना हवा आत येऊ शकली नाही तर टाकी डब्यासारखी चेपते. पाखरांसाठी जाळी बांधावी. या पाइपावर कुठलाही कॉक नको.

टाकीतून निघालेला गरम पाइप सतत उताराने खाली यावा. मध्ये कुठं चढ आला की तिथं हवा अडकते, नळ फुसफुसतो, थांबतो. न्हाणीत गरम-गार एकत्र करणारा मिक्सर नळ असेल आणि गार लाइन मोटारीच्या दाबावर असेल, तर गार पाणी उलट्या वाटेने गरम लाइनीत शिरतं. सोलर बिघडलाय असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. गरम लाइनीवर उलटं पाणी रोखणारा वॉल्व्ह (एनआरव्ही) बसवला की संपलं. तो कमी दाबावर उघडणारा हवा. घट्ट स्प्रिंगचा बसवला तर सोलरचंच पाणी अडतं.

माळवदाच्या घरावर सोलर ठेवू नये. 100 लिटरची टाकी, नळ्यांतलं पाणी आणि सांगाडा मिळून वजन दीड क्विंटलच्या पुढे जातं, वर गार टाकीचं वेगळं. पत्र्याच्या घरालाही ते झेपत नाही. न्हाणीवर सिमेंटचा स्लॅब असेल तर तिथं, नाहीतर परसात लोखंडी अँगलच्या स्टँडवर. जालन्यात सळईचे आणि स्टीलचे कारखाने उदंड, वेल्डिंगवालेही हाताशी. परसातल्या स्टँडचा एक लाभ असतो, पाइप आपोआप आखूड होतो. मात्र वावटळीत सांगाडा हलू नये म्हणून पाय सिमेंटमध्ये गाडलेले हवेत.

पाणी येण्याच्या दिवशी नळ्या फुटतात

जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हे ठरलेलं नुकसान आहे. वरची टाकी संपते, सोलर रिकामा होतो, कुणाच्या लक्षात येत नाही. कोरड्या नळ्या उन्हात 200 अंशांच्या पुढे तापतात. दुपारी नळाला पाणी येतं, मोटार चालू होते, आणि गार पाणी तापलेल्या काचेवर पडतं. फट् असा आवाज येतो. एक नळी फुटली की टाकीतलं सगळं पाणी तिथून वाहून जातं, तेही नुकत्याच आलेल्या पाण्याच्या दिवशी.

सोलरकडे जाणाऱ्या गार लाइनीवर वेगळा कॉक हवा. टाकी कोरडी पडली असेल तर तो बंद ठेवायचा आणि पाणी सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर दोन तासांनी सोडायचं. घाईच असेल तर नळ्यांवर ताडपत्री टाकून त्या गार होईपर्यंत थांबायचं. नवा सोलर बसवताना पहिल्यांदा पाणी भरण्यालाही हाच नियम. गार टाकीतून सोलरला जाणारं भोक घरातल्या इतर नळांच्या भोकापेक्षा खाली ठेवलं तर इतर नळ आधी बंद पडतात आणि सोलरसाठी थोडं पाणी राखून राहतं. हे काम टाकीला भोक पाडतानाच सांगायचं.

उन्हाळ्यात गरम पाणी कुणाला नको असतं. तेव्हा निम्म्या नळ्या गोणपाटाने झाकून ठेवाव्यात. गावाला लग्नाला चार दिवस जायचं असेल तरी टाकी भरलेली ठेवूनच नळ्या झाकाव्यात.

खारं पाणी

जिल्ह्याच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारांचं आहे. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो तसाच तो सोलरमध्ये धरतो, आणि पाणी जितकं जास्त तापतं तितका थर जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणतेची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत. आपल्या बोअरचा आकडा माती-पाणी परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत कळतो. तो जास्त असेल तर सपाट पेटीचा सोलर टाळलेला बरा, कारण त्यातल्या बारीक तांब्याच्या नळ्या बुजतात. काचेच्या जाड नळ्यांत गाळ तळाला बसतो, वर्षा-दोन वर्षांनी धुता येतो.

मोसंबीला, द्राक्षाला ठिबक लावलेल्यांना क्षार आणि ॲसिड नवं नाही. ड्रिपर बुजले की लाइनीतून ॲसिड सोडतात. तोच प्रयोग सोलरच्या टाकीवर करायला काही जण जातात. ड्रिपला चालणारं मिठाचं ॲसिड (हायड्रोक्लोरिक) स्टीलच्या टाकीला खातं, बारीक भोकं पडतात आणि टाकी कायमची जाते. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून वापरतात, तेही सोलरवाल्याला विचारून. काही टाक्यांत मॅग्नेशियमची कांडी असते. पाणी टाकीऐवजी आधी त्या कांडीला खातं. ती झिजली की बदलायची असते, हे विकताना क्वचितच कुणी सांगतं.

पोळणं

60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजतं, लेकरांची आणि म्हाताऱ्यांची त्याच्या आधी. बंबाचं पाणी वाफाळताना दिसतं, त्यामुळे माणूस जपून असतो. नळातून येणारं पाणी तसं सांगत नाही. आधी गार, मग तीस सेकंदांनी एकदम कडक. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं आणि मग गरम, ही सवय घरात सगळ्यांना लावावी, आणि गरम नळाची मूठ लाल रंगवावी. टाकीत लाईटचं कॉइल बसवलेलं असेल तर अर्थिंग आणि गळती ओळखून बंद होणारं बटण (आरसीसीबी) असल्याशिवाय ते चालवू नये.

अनुदानाच्या नावावर

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ ही छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. तिच्यात 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30 हजार रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना शेतातल्या पंपासाठी आहे. पाणी तापवायचा सोलर या दोन्हींत बसत नाही. ‘सूर्यघरमधून गिझर मिळवून देतो, आधार आणि फॉर्मचे पैसे द्या’ असं म्हणत कुणी दारात आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

घेताना दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर टाकी-नळ्यांबरोबर पाइपाचंही लिहून घ्यावं: सीपीव्हीसी, कुठला एसडीआर, किती इंची, किती फूट, किती मिलिमीटर जाडीचं आवरण आणि त्यावर काय गुंडाळणार. काचेच्या नळ्यांच्या पूर्ण संचाचं मानक आयएस 16544 आहे, तेही विचारावं. ‘फिटिंगसह’ एवढाच शब्द बिलावर असेल तर 50 फूट एक इंची उघडा पाइपही त्यात बसतो. शेवटचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावेत, न्हाणीतला गरम नळ सोडून, बादली खाली ठेवून, गरम येईपर्यंत किती लिटर गार आलं ते मोजल्यावर. त्या बादलीतलं पाणी जनावरांना किंवा भांड्याला वापरता येतं.